परवानगीपत्रावरची सही माझी नाही : एकांकिका स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व एकांकिका स्पर्धांच्या आयोजक मंडळींना,

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात माझ्या आईला तिच्या मावसबहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. 'तुझ्या लेकीचं नाटक बघ, पोरांनी छान केलंय.' आई ७५ वर्षांची आहे. तिनं पोळ्यांच्या डब्याला फोन टेकवला, चष्मा लावला आणि एकांकिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मग मला ऑफिसात फोन केला. म्हणाली, "अगं, बाबांनी असं कधी केलं होतं? तू हे असं का लिहिलंस?"

मी तसं लिहिलेलं नाही. त्यासाठीच हे पत्र.

माझे वडील पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. ऑफसेट आलं, मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि १९९१ मध्ये मालकांनी टाइपाच्या केसेस भंगारात काढल्या. शेवटच्या दिवशी वडील 'ळ'चा एक खिळा खिशात टाकून घरी आले. 'ळ'च का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतर ते १२ वर्षं जगले. घरी बसून लोकांची प्रुफं तपासली, नातवंडांना अंकलिपी शिकवली आणि २००३ मध्ये आजारपणात, आमच्या सगळ्यांच्या देखत गेले. त्यांच्यावर मी २०११ साली एक एकांकिका लिहिली. तिच्या शेवटी म्हातारा कंपोझिटर नातीच्या तळहातावर तो खिळा दाबतो. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तळहातावर सुलटं उमटतं. नात वाचते, "ळ". प्रकाश मावळतो. एवढंच आहे.

व्हिडिओतल्या शेवटात तो म्हातारा छापखान्यात गळफास लावून घेतो. मागे ढोल वाजतो, लाल दिवा लागतो आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. एकांकिकेला दुसरं बक्षीस मिळालं. व्हिडिओच्या खाली लेखिका म्हणून माझं नाव आहे. आईच्या सोसायटीतल्या दोन बायकांनी तो व्हिडिओ पाहून तिच्याकडे दबक्या आवाजात चौकशी केली. नवऱ्याबद्दल असं काही ऐकून घ्यायची वेळ या वयात तिच्यावर आली.

मी त्या स्पर्धेच्या कार्यालयात फोन लावला. गाव मराठवाड्यातलं आहे, त्याहून जास्त सांगत नाही. कार्यवाह सभ्यपणे बोलले. म्हणाले, "मॅडम, तुमचं परवानगीपत्र आमच्या फायलीत आहे." त्यांनी त्याचा फोटो पाठवला. पत्र टाइप केलेलं होतं. त्यात माझ्या वडिलांच्या नावाचं आद्याक्षर चुकलेलं आणि खाली कुणीतरी मराठीत माझ्या नावाची सही केलेली. मी बँकेत, ऑफिसात, सगळीकडे गेली २२ वर्षं इंग्रजीत सही करते. हे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पोरं आहेत हो, हौशी आहेत. आणि नाव तर तुमचंच दिलंय ना?"

नाव माझंच दिलं, हेच तर दुखणं आहे.

या पत्राखाली माझं नाव नाही, एकांकिकेचंही नाव मी लिहिलेलं नाही. नाव कळलं की एकांकिका कळेल, एकांकिका कळली की ती मुलं कळतील, आणि १९-२० वर्षांच्या मुलांवर लोकांनी तुटून पडावं असं मला अजिबात वाटत नाही. ज्यांना हे पत्र कुणाचं ते कळायला हवं, त्यांना ते पहिल्या परिच्छेदातच कळलं असेल.

हे एका स्पर्धेपुरतं असतं तर मी दोघांत मिटवलं असतं. पण पुण्यातल्या आणि बाहेरच्या लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलले, तर ज्याच्या-त्याच्याकडे अशी एक गोष्ट निघाली. कुणाची एकांकिका नाव बदलून झाली, कुणाच्या दोन एकांकिका जोडून एक झाली, कुणाचं मालवणी पात्र काढून वऱ्हाडी घातलं. आणि प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेच्या रंगमंचावर. म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

तुमच्याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. मी नाटक शिकले ते पुण्याच्या भरत नाट्य मंदिराच्या गॅलरीत, 'आव्वाज कुणाचा' ओरडून घसा बसवून. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची परंपरा १९६३ पासूनची. ती नसती, तिच्या वाटेनं राज्यभर उभ्या राहिलेल्या शेकडो स्पर्धा नसत्या, तर माझ्यासारखी हिशेबनिसाची नोकरी करणारी बाई लिहिती झालीच नसती. पदरमोड करून, वर्गण्या मागून, मांडववाल्याचे बिल थकवून तुम्ही स्पर्धा चालवता, हे मला माहीत आहे. तरीही काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

परवानगीपत्राची अट तुमच्या प्रत्येक प्रवेशअर्जावर असते. पण ते पत्र आणायचं कुणी, तर ज्याला परवानगी हवी त्यानंच. त्यावर लेखकाचा फोन नंबर लिहायची जागा असते. त्या नंबरावर तुमच्यापैकी कोणी कधी फोन करतं का? गेल्या १४ वर्षांत एकाही आयोजकानं मला 'ही सही तुमचीच ना' असं विचारलेलं नाही. माझ्या हिशेबानं त्या एकांकिकेचे प्रयोग किमान ३० ठिकाणी झाले. त्यांतल्या ११ संघांनीच मला विचारलं होतं. बाकीच्या १९ पत्रांवर कुणाच्या सह्या होत्या?

काही ठिकाणी मला सांगण्यात आलं, की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर आहे, मग अडचण काय. ते प्रमाणपत्र संहितेतल्या मजकुराच्या परीक्षणाचं असतं. लेखकानं प्रयोगाला होकार दिला की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. एका ठिकाणी तर "तुमची कॉपीराइटची नोंदणी आहे का?" असंही विचारलं गेलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी ऐच्छिक आहे. लिहिलं, की हक्क निर्माण झाला. हे इतक्या वर्षांच्या अनुभवी आयोजकांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटलं.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती. त्या मुलांनी माझी संहिता आणली कुठून? ती पुस्तकरूपानं आलेली नाही. मुलांच्या दिग्दर्शिकेनंच नंतर सांगितलं : एकांकिकांच्या संहितांचा एक ग्रुप आहे, हजारो सभासदांचा, तिथून. मी कुणाच्या तरी ओळखीनं त्या ग्रुपमध्ये शिरले. माझी पीडीएफ सापडली. पहिलं पान कापलेलं, म्हणजे ज्यावर 'प्रयोगापूर्वी लेखी परवानगी आवश्यक' असं लिहून मी पत्ता देते, नेमकं ते पान. आणि दुसऱ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का : प्रवेशिका क्रमांक, आणि एका स्पर्धेचं नाव. ती स्पर्धा वेगळी, आणखी जुनी. त्या स्पर्धेत परवानगी घेऊन उतरलेल्या एका गुणी संघानं तीन छापील प्रती आणि एक सॉफ्ट कॉपी नियमाप्रमाणे जमा केली होती. म्हणजे संहिता बाहेर पडली ती मुलांच्या हातून नाही. ती आयोजकांच्या टेबलावरून, परीक्षकांच्या पिशवीतून किंवा कुणा स्वयंसेवकाच्या मोबाइलमधून गेली. मी त्या ग्रुपमध्ये आणखी चाळलं तर असे शिक्के असलेल्या कितीतरी संहिता दिसल्या. तुमच्याकडे जमा होणाऱ्या संहितांचं निकालानंतर काय होतं? परत करता? फाडता? की कार्यालयातल्या लोखंडी कपाटावर गठ्ठा पडून राहतो आणि ज्याला हवी तो स्कॅन करून नेतो?

त्यानंतर चित्रीकरण. तुमच्या अर्जात बारीक टाइपात एक ओळ असते : 'स्पर्धेतील सर्व सादरीकरणांच्या चित्रीकरणाचे व प्रसारणाचे हक्क आयोजकांकडे राहतील.' खाली सही करतो कॉलेजचा विद्यार्थी प्रतिनिधी. जे त्याचं नाहीच ते तो तुम्हाला कसं देणार? कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर हक्कधारकाची किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाची लेखी सही लागते, आणि एकांकिकेची हक्कधारक लेखिका असते. रंगमंचावरच्या मुलामुलींनाही कलाकार म्हणून स्वतःचे हक्क आहेत. त्यांच्या संमतीशिवाय त्यांचं सादरीकरण चित्रित करून लोकांपर्यंत पोचवता येत नाही. ते हक्क ५० वर्षं टिकतात. या मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

व्हिडिओ चढला की काय होतं, हे नाटकवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. बऱ्याच स्पर्धांना नवी संहिता लागते. आंतरजालावर सगळ्यांनी पाहिलेली एकांकिका कुणी घेत नाही. मुंबईच्या एका चांगल्या संघानं माझ्याशी बोलणी करून, तालमीची तारीख ठरवून, नंतर नकार दिला. "ताई, ते यूट्यूबवर आहे, परीक्षक म्हणतील जुनं." ज्यांना ती जुनी वाटत नाही, ते व्हिडिओ थांबवून थांबवून संवाद उतरवून घेतात. मग तिसऱ्या गावात गळफासाचा शेवटच 'मूळ' म्हणून होतो. असे दोन प्रयोग झाल्याचं मला कळलं आहे.

मी व्हिडिओ काढून टाकण्याची तक्रार केली. २०१३ च्या कॉपीराइट नियमांत तशी सोय आहे : लेखी तक्रार मिळाल्यावर मजकूर साठवणाऱ्यानं ३६ तासांत तो रोखायचा आणि तक्रारदारानं २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. व्हिडिओ गेला. पण शेवटच्या दोन मिनिटांचा तुकडा, तोच गळफासाचा, आता वेगवेगळ्या नावांनी फिरतो आहे. २१ दिवसांत कोर्टाची पायरी चढायला माझ्याकडे ना रजा आहे ना वकिलाची फी. एकांकिकेचं मी कॉलेजकडून मानधन घेते ५०० रुपये.

या मानधनाबद्दलही लिहिते, कारण 'लेखक पैशासाठी ओरडतात' असं आडून बोललं जातं. परवानगी मागणाऱ्या कुणालाही मी आजवर नाही म्हटलेलं नाही. महापालिकेच्या शाळांना एक रुपया घेत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेच्या शिक्षकानं पोस्टकार्ड पाठवून परवानगी मागितली होती. मी संहिता टपालानं पाठवली, त्यांनी प्रयोगानंतर मुलांच्या तळहातांचे शाईचे ठसे कागदावर उमटवून पाठवले. तो कागद माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. मागितलं असतं तर व्हिडिओतल्या त्या मुलांनाही मी दिलं असतं. शेवट मात्र बदलू दिला नसता.

कायदा हौशी मंडळींवर कठोर नाही, हेही इथे सांगायला हवं, नाहीतर मी अर्धंच खरं बोलले असं होईल. कलम ५२ मध्ये सवलती आहेत. हौशी मंडळानं पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर प्रयोग केला, किंवा शाळा-कॉलेजच्या मुलांनी आपल्याच विद्यार्थी, शिक्षक, पालकांसमोर केला, तर तो हक्कभंग ठरत नाही. गणपतीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी माझी एकांकिका केली तर मला आनंदच आहे. पण तुमच्या अंतिम फेरीला २०० रुपयांचं तिकीट असतं, प्रायोजकांचे फलक असतात, स्मरणिकेत जाहिराती असतात. ती सवलत तिथे कशी लागू होईल? आणि सवलत प्रयोगापुरती आहे. शेवट बदलायची, व्हिडिओ टाकायची, पीडीएफ वाटायची मुभा त्यात नाही. कलम ५७ लेखकाला आपल्या कृतीच्या अशा विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क देतं, ज्यानं त्याची प्रतिष्ठा दुखावते. हक्क विकून टाकले तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो.

ग्रुप चालवणारे म्हणतात, कला वाटल्यानं वाढते, गावाकडच्या मुलांना संहिता मिळत नाहीत. यातला दुसरा भाग खरा आहे आणि मला तो मनापासून मान्य आहे. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, दिवसभर हिंडलात तरी नव्या एकांकिकांची चार पुस्तकं हाती लागणार नाहीत. लेखकाचा पत्ता मिळत नाही. तालुक्याच्या मुलानं जायचं कुठे? पण त्यावर उपाय आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य सर्वांसाठी मोकळं होतं. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर ही सगळी दौलत आज मोकळी आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेलं 'तृतीय रत्न' मोकळं आहे. पुण्यात शिक्षकी करणारे दिवाकर १९३१ साली गेले. त्यांच्या नाट्यछटा कुणीही करावी, छापावी, बदलून पाहावी, कुणाची परवानगी लागत नाही. ग्रुपवर हे सगळं वाटा. दिवसरात्र वाटा. आमच्यासारख्या जिवंत माणसांना मात्र एक फोन करा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

परवानगीपत्र संघाकडून घेऊ नका. लेखकानं ते थेट तुम्हाला पाठवावं आणि तुमच्यातल्या एकानं लेखकाला फोन करून खात्री करावी. प्राथमिक फेरीला ५० संघ असले तर ५० फोन. एका स्वयंसेवकाचं दोन संध्याकाळचं काम आहे. पत्रात संहितेत काही बदल करायचा असल्यास तो कोणता, याला वेगळी जागा ठेवा.

चित्रीकरणाच्या हक्काची ती ओळ अर्जातून काढा. व्हिडिओ टाकायचा असेल तर लेखक आणि कलाकार यांची स्वतंत्र लेखी संमती घ्या, आणि 'नाही' म्हणणाऱ्या संघाचे गुण त्यामुळे कमी होणार नाहीत असं छापा. आजवर चढवलेल्या व्हिडिओंबाबत संबंधित लेखकांना विचारा. उत्तर येईपर्यंत ते बंद ठेवा.

जमा झालेल्या संहिता निकालानंतर १५ दिवसांत परत करा किंवा नष्ट करा, आणि परीक्षकांना सॉफ्ट कॉपी पाठवणं थांबवा. छापील प्रत द्या आणि मोजून परत घ्या.

खोटी सही सापडली तर संघाला बाद करून मोकळं होऊ नका. मुलांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना समोर बसवून समजावा. बक्षीस मागे घ्या, पोलिसांत जाऊ नका. कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आहे. कुणाच्याही मुलाला त्या वाटेनं नेण्यासाठी मी हे लिहीत नाही.

आणि एक मागणी मुलांच्या बाजूनं : सगळ्या स्पर्धांनी मिळून लेखकांची एक यादी करा. एकांकिकेचं नाव, पात्रं किती, विषय दोन ओळींत, लेखकाची परवानगी असेल तर त्याचा नंबर, मानधन किती. संहिता त्यात नको. पहिली १०० नावं गोळा करायला मी रविवारी बसायला तयार आहे, आणि माझ्यासोबत पुण्यातले आणखी पाच-सहाजण तयार आहेत.

पावसाळ्यात बऱ्याच स्पर्धांचे अर्ज निघतात. ते छापायला जाण्याआधी उत्तर मिळावं अशी अपेक्षा आहे. दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, तुमच्या व्यासपीठांवरून लेखकाला नाटकाचा पाया म्हटलं जातं. मीही ते ऐकत टाळ्या वाजवल्या आहेत. या वेळी कार्यक्रमाआधी अर्ज बदललेला हवा.

त्या एकांकिकेच्या दिग्दर्शिकेचा मला जानेवारीत फोन आला. रडत होती. परवानगीपत्र एका सीनियरनं 'करून देतो' म्हणून आणून दिलं, असं म्हणाली. शेवट का बदलला, विचारलं. म्हणाली, "मॅडम, सगळे म्हणाले, एवढ्या साध्या शेवटाला बक्षीस मिळत नाही." परीक्षकांनीही त्याच शेवटाला दाद दिली होती, हे तिनं सांगितलं नाही, पण ते मी व्हिडिओत पाहिलं आहे. याचाही विचार तुम्ही करावा.

तिला मी संहिता टपालानं पाठवली आहे. पहिल्या पानासकट, माझ्या खऱ्या सहीच्या परवानगीपत्रासकट. मार्चमध्ये त्यांच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रयोग आहे. आईला घेऊन जाणार आहे.

आपली,
एक एकांकिका लेखिका
कोथरूड, पुणे